पत्र्याची जाडी

फोक्सवॅगन बीटलच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर २४०० मिलिमीटर. त्याला २४ने भागलं की बरोबर १०० येतात. १/२४ मापाच्या किटवर डिजिटल कॅलिपर लावावा आणि शंभरच्या अगदी जवळचा आकडा दिसावा, यात मोठं सुख आहे. गाडीची रुंदी १५४० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलची चौसष्ट. लांबी चार मीटर आणि वर थोडी, म्हणजे मॉडेल सतरा सेंटिमीटरचं. चांगल्या किटमध्ये ही मापं चोख असतात. छताची गोलाई, पुढच्या मडगार्डचा फुगवटा, मागच्या काचेखालून बंपरकडे उतरत गेलेली पाठ, सगळं जिथल्या तिथे. तरीही सूचनापत्रकाप्रमाणे भाग जोडत गेलं, तर शेवटी हातात येतं ते खेळणंच. खऱ्या गाडीचा फोटो शेजारी ठेवला की फरक जाणवतो, पण बोट कशावर ठेवायचं ते कळत नाही.

इतकी वर्षं ही मॉडेलं करताना माझं मत पक्कं होत गेलंय, की बोट जाडीवर ठेवायचं. आकार किट बनवणाऱ्यांनी आधीच साधलेला असतो. आपल्या वाट्याला उरतं ते जाड झालेलं पुन्हा पातळ करणं.

पुण्यात ओळखीच्या एका काकांकडे साठच्या दशकातली बीटल आहे. दर रविवारी सकाळी ते ती बाहेर काढतात, तापू देतात, दोन-चार चौक फिरवून परत आणतात. किट हाती घेण्याआधी मी टेप, कॅलिपर आणि वही घेऊन त्यांच्याकडे जाते.

"काका, पत्र्याची जाडी मोजू का?"

"मोज की. पण रंगाला टोक लावू नकोस गं. खालून हात घाल, मडगार्ड जिथे बोल्टने आवळलंय ना, तिथे पत्रा उघडा सापडेल."

तिथे कॅलिपर धरला, तर रंग धरून एक मिलिमीटरच्या आसपास. मडगार्डच्या बाहेरच्या कडेवर मात्र हात फिरवला तर ती जाड लागते, कारण तिथे पत्रा आत वळवून गोल केलाय. हा बारकावा फोटोत दिसत नाही आणि पुढे फार उपयोगी पडतो. मग दार. उघडलं, आतलं पाहून झालं आणि लावायला गेले तर लागेना. काका हसत म्हणाले, "आधी काच थोडी खाली घे, मग लाव. आतल्या हवेला जायला जागा नाही." बीटलच्या घट्ट बांधणीबद्दल ही गोष्ट जगभर सांगितली जाते, ती आपल्या हाताला कळणं वेगळं. दाराच्या चारी बाजूंच्या फटी अगदी सारख्या आणि अरुंद.

आता हिशेब करा. एक मिलिमीटरचा पत्रा २४ पट लहान केला तर ०.०४ मिलिमीटर. किटमधलं प्लॅस्टिक सव्वा मिलिमीटरच्या आगेमागे असतं. उलट गुणलं तर तो पत्रा तीस मिलिमीटरचा झाला. खिडकीची काच खऱ्या गाडीत चार-पाच मिलिमीटर, किटमध्ये एक मिलिमीटर, म्हणजे मोठ्या गाडीत चोवीस मिलिमीटरची. यात किट करणाऱ्यांचा दोष नाही. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने पोलादी साच्यात शिरतं आणि थंड भिंतीला लागताच घट्ट होऊ लागतं. पोकळी फार अरुंद ठेवली तर ते शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच थिजतं आणि भाग अर्धवट निघतो. शिवाय हा भाग माणसांनी हातात धरायचा, दाबायचा, घासायचा असतो. जाडी ही साच्याची गरज आहे. माप बरोबर यावं म्हणून या कंपन्या काय करतात याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९७६च्या १/१२ मापाच्या पोर्श ९३४साठी जपानच्या शिझुओका शहरातल्या तामियाने एक खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि सुटी करून मोजली. अशा निष्ठेने काढलेल्या मापांवर आपण काम करतो, हे मनात ठेवूनच कानस उचलावी.

बीटलची किटं तामिया, हासेगावा, रेव्हेल अशा अनेकांनी काढली आहेत. मी ज्या मॉडेलबद्दल सांगतेय ते १९६६ सालच्या १३००चं. साल महत्त्वाचं. लोकांना वाटतं बीटल म्हणजे एकच गाडी, जन्मभर तशीच राहिलेली. खरं तर २,१५,२९,४६४ गाड्यांच्या त्या प्रवासात, म्हणजे युद्धानंतर वोल्फ्सबुर्गमध्ये ब्रिटिश मेजर आयव्हन हर्स्टच्या देखरेखीत सुरू झालेल्या उत्पादनापासून ३० जुलै २००३ला मेक्सिकोतल्या पुएब्लामध्ये बाहेर पडलेल्या शेवटच्या गाडीपर्यंत, ती सतत बदलत होती. मागची काच १९५३पर्यंत मधोमध दुभागलेली, १९५७पर्यंत लंबगोल, नंतर मोठी, १९६५च्या मॉडेलला आणखी मोठी. १९६६ला इंजिन १२८५ सीसीचं झालं, चाकांच्या तबकड्यांना हवा खेळायला खाचा आल्या, चाकांवरच्या क्रोमच्या टोप्या चपट्या झाल्या. हेडलाइट मात्र अजून जुनेच, मडगार्डच्या उतारावर तिरकी काच असलेले. माझ्या डोळ्याला बीटलचा चेहरा म्हणजे ते तिरके दिवे. पुढच्या काळातले उभे दिवे लावलेली गाडी मला तेवढी आपली वाटत नाही. संदर्भासाठी फोटो गोळा करताना ही सालं पाठ असावी लागतात, कारण हौशी मालकांनी आपल्या गाड्यांना पुढच्या-मागच्या सालांचे भाग सर्रास बसवलेले असतात.

कामाची सुरुवात भांड्यांच्या साबणाने. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश प्लॅस्टिकवर राहतो आणि रंग तिथे धरत नाही. धुऊन वाळलं की बॉडी, तळ, आतलं टब आणि चाकं कोरडीच एकमेकांत बसवून पाहायची, कुठेही डिंक न लावता. कुठे घासतं, कुठे फट राहते, बॉडी तळावर खाली दाबली तर कुठे अडते, हे आत्ताच कळलं पाहिजे. रंग झाल्यावर कळलं तर उपयोग नाही.

मग साच्याची रेघ. बॉडी अनेक बाजूंनी सरकणाऱ्या साच्यात तयार होते आणि ते साचे जिथे मिटतात तिथे अंगावर एक बारीक रेघ उठते. प्लॅस्टिकवर ती जेमतेम दिसते. चकचकीत रंग चढला की लपता लपत नाही. मडगार्डच्या माथ्यावरून, छताच्या खांबांवरून बोट फिरवत ती शोधायची आणि ६००च्या वॉटर पेपरने, पाणी लावून, आकाराची गोलाई न मोडता काढायची. छताच्या आतल्या बाजूला साच्यातून भाग ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे असतात. त्यात लांबी भरायची, वाळली की घासून सपाट करायची. कोणी म्हणेल छताच्या आत कोण बघतंय. बीटलच्या छताला आतून फिकट पांढरं अस्तर असतं आणि काचा मोठ्या. उजेड पडला की ते पांढरं सगळ्यात आधी दिसतं.

आणि मग कडा. सगळा पत्रा पातळ करायची गरज नाही, तसं करताही येत नाही. नजर जाडी ओळखते ती फक्त कडेवरून. चाकाच्या कमानी, खिडक्यांच्या चौकटी, बॉडीची खालची कड. या कडांच्या आतल्या बाजूने दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा गोल पात्याच्या चाकूने खरवडत नेते, शेवटी वॉटर पेपर. बाहेरच्या बाजूला अजिबात हात लावायचा नाही, तिथे आकार आहे. किती पातळ झालं ते मोजायला कॅलिपरचं टोक नीट पोचत नाही, म्हणून मी दिवा वापरते. पांढरं पॉलिस्टायरीन पातळ होत गेलं की त्यातून उजेड झिरपायला लागतो. टेबलावरच्या दिव्यासमोर बॉडी धरायची आणि कमानीभोवती उजळ पट्टा सगळीकडे सारखा आलाय का पाहायचं. एखादा तुकडा काळपट दिसला तर तिथे अजून काम बाकी. एखादा फारच उजळला तर थांबायचं, नाहीतर प्लॅस्टिक लाटेसारखं वाकडं होईल.

कड सुरीसारखी धारदार मात्र करायची नाही. काकांच्या मडगार्डवर हात फिरवून जे कळलं ते इथे कामी येतं. वळवलेली कड खऱ्या गाडीतही सहा-सात मिलिमीटरची दिसते, म्हणजे मॉडेलवर ०.३ मिलिमीटर, आणि ती गोल हवी. खिडकीची चौकट त्याहून पातळ चालते. सगळीकडे एकच जाडी केली तर पुन्हा खोटेपणा आलाच.

बीटलची एक खास गोष्ट म्हणजे मडगार्ड आणि बॉडी यांच्या मधली पट्टी. मडगार्ड बोल्टने बाहेरून जोडलेले, आणि दोन पत्रे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये एक लवचीक गोट दाबून बसवलेला. बाहेरून त्याची पाच मिलिमीटरची गोल धार दिसते. या एका रेषेमुळे मडगार्ड वेगळा भाग आहे हे डोळ्याला पटतं. मॉडेलवर हा गोट कोरलेल्या रेघेच्या किंवा बोथट उंचवट्याच्या रूपात येतो. मी तो नव्याने घालते. त्यासाठी लागणारं सामान किटमध्येच असतं, ते म्हणजे भाग ज्या फ्रेमला जोडलेले असतात त्या फ्रेमचा तुकडा. तो मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत न घालता, फिरवत धरायचा. मध्ये चमक येऊन तो मऊ पडू लागला की ज्योतीवरून बाजूला घ्यायचा, क्षणभर थांबायचं आणि दोन्ही हात एकाच चालीने लांब न्यायचे. जोरात ओढलं तर धागा फार बारीक होतो, सावकाश ओढलं तर जाड. निघालेल्या लांब धाग्यातला जो तुकडा ०.२ मिलिमीटर भरतो तेवढा कापून घ्यायचा, बाकीचा टाकायचा. तुकडा भरपूर लांब लागतो, कारण मागच्या मडगार्डची अख्खी कमान एका सलग धाग्यात झाली पाहिजे. जोड आला की तो रंगातूनही दिसतो.

मडगार्डच्या मुळाशी कोरणीने खाच आधी खोल करून ठेवलेली असते. धागा तिच्या एका टोकाला पातळ डिंकाच्या एका थेंबाने धरायचा. हा डिंक म्हणजे प्लॅस्टिक विरघळवणारा द्रव, बाटलीच्या झाकणात ब्रश असलेला. टोक पक्कं झालं की धागा कमानीवरून हलक्या ताणाने खाचेत बसवत न्यायचा आणि ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. द्रव खाचेतून आपोआप धावतो. जास्त लागला तर ०.२ मिलिमीटरचा धागा विरघळून खाचेत सपाट होतो आणि सगळं पुन्हा. चारही मडगार्ड झाले, वाळले, आणि त्यावर अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, करडा हात बसला की बॉडी एकदम वेगळी दिसते. मला या कामातला सगळ्यात आवडता टप्पा कोणता विचाराल तर हाच.

दारांच्या आणि बॉनेटच्या रेघाही रंगाआधी खोल करून घ्याव्या लागतात. खऱ्या फटी चार-पाच मिलिमीटरच्या, म्हणजे मॉडेलवर ०.२. त्यात रंगाचे थर बसले की त्या बुजतात. कोरणीने फक्त खोली वाढवायची, रुंदी नाही. रुंद झालेली फट बीटलला शोभत नाही, दार लावायला काच खाली घ्यावी लागते त्या गाडीला तर नाहीच.

रंगकामात जाडीचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. खऱ्या गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून ०.१ मिलिमीटर धरले, तरी मापात ते ०.००४ व्हायला हवेत. ते कोणाच्याच हातून होणार नाही. पण मॉडेलवर ०.१ मिलिमीटर रंग चढला तर तो मोठ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा लेप होतो, आणि इतक्या कष्टाने कोरलेल्या कडा, गोट, रेघा सगळ्या त्याखाली गोल होऊन जातात. म्हणून रंग दुधाइतका पातळ करायचा, एअरब्रशचं तोंड ०.३ मिलिमीटरचं, दाब कमी, आणि एकेक हात विरळ. पहिले हात इतके विरळ की खालचं अस्तर दिसत राहिलं पाहिजे. शेवटचा हात तेवढा ओला. तोंडाला रसायनांची वाफ अडवणारा मास्क आणि खिडकीबाहेर हवा फेकणारा पंखा, यांशिवाय लॅकरला हात लावू नये. हौसेपायी फुप्फुसं खराब करून घेण्यात काही अर्थ नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्याने पावसाळ्यात बॉडी रंगवू नये, असं मी प्रत्येक नवशिक्याला सांगते. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. हवा ओलसर असेल तर त्या गार पृष्ठभागावर बाष्प जमतं, ओल्या रंगात अडकतं, आणि गडद रंगावर पांढुरकं पटल येतं. थिनर हळू उडावा म्हणून घालायचा द्रव मिळतो, त्याने थोडं निभावतं. त्यापेक्षा जून ते सप्टेंबर इंजिन, सीटा, तळ असली ब्रशची कामं करावीत आणि बॉडी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवावी.

रंग म्हणून मी जावा ग्रीन घेतला, कंपनीच्या यादीत एल ५१८. त्या काळच्या बीटलचे रंग साधे असतात, धातूच्या चुऱ्याशिवाय, आणि मॉडेलसाठी ती मोठी सोय आहे. चुऱ्याचे कण लहान करता येत नाहीत, मापात ते वाटाण्याएवढे होतात. साध्या रंगालाही मात्र किंचित उजळावं लागतं. खरी छटा जशीच्या तशी लावली तर सतरा सेंटिमीटरच्या गाडीवर ती जड आणि काळवंडलेली दिसते, कारण मोठी गाडी आपण लांबून, मधल्या हवेतून आणि आकाशाच्या उजेडात पाहतो. पांढऱ्याचे काही थेंब घालून, पट्टीवर लावून, खिडकीत नेऊन पाहायचं. डॅशबोर्ड त्याच मिश्रणातून त्याच बैठकीत रंगवायचा. या सालच्या बीटलचा डॅशबोर्ड पत्र्याचा आणि बॉडीच्याच रंगाचा असतो. नंतर वेगळं मिश्रण केलं तर छटा जुळत नाही आणि खिडकीतून ते लगेच कळतं.

वाळलाय की नाही हे नाकाने ओळखायचं. बॉडी नाकाजवळ न्यायची, थिनरचा वास येत असेल तोवर हात लावायचा नाही. वास गेला की रबिंग. गॅरेजमधले पेंटर मोठ्या गाडीवर जे करतात तेच, फक्त बोटाच्या पेराएवढ्या कापडाने. आधी २०००चा, मग ३०००चा पेपर, पाण्यात साबणाचा थेंब, आणि दाब जवळजवळ शून्य. कडांवर, गोटावर, बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर आधी चिकटपट्टी लावून ठेवायची, कारण रंग तिथेच सगळ्यात पातळ असतो आणि तिथूनच खालचं अस्तर डोकावतं. मग जाडसर, मध्यम आणि बारीक कंपाउंड. घासण्याने झळाळी येतेच, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचं म्हणजे रंगाची जाडीही कमी होते. छतात खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब सरळ दिसलं की थांबावं.

बॉनेटवरचं व्हीडब्ल्यूचं गोल चिन्ह आणि मागचा १३०० हा आकडा यांसाठी एक युक्ती आहे. अंगावर उठलेली ही अक्षरं नंतर चंदेरी रंगाने ब्रशने भरली तर कितीही सांभाळलं तरी लेप दिसतो. त्याऐवजी रंगकामाआधीच त्यावर मागून चिकट असलेला अतिपातळ धातूचा कागद, बेअर-मेटल फॉइल, दाबून बसवायचा. वरून नेहमीसारखा रंग मारायचा. वाळल्यावर कापडाला थिनरचा नुसता वास लावून अक्षरांच्या माथ्यावरून हलकेच फिरवायचं. माथ्यावरचा रंग निघतो, खालची चंदेरी दिसते, आणि अक्षरांच्या मधली खोलगट जागा हिरवीच राहते. वरून काही चढवलेलंच नाही, म्हणून अक्षर अंगातून आल्यासारखं दिसतं.

खिडक्यांभोवती हाच कागद, पण क्रम नीट ठेवायचा. खऱ्या गाडीत काच काळ्या रबरात बसते आणि त्या रबरात एक बारीक चकचकीत पट्टी खोचलेली असते. पट्टी थेट हिरव्या रंगाला भिडत नाही. म्हणून आधी रबर अर्धवट चमकीच्या काळ्याने, मग त्यावर अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक फॉइल. टूथपिकने घासून बसवायची, प्रत्येक खिडकीला नवं ब्लेड. बोथट ब्लेड कागद कापत नाही, फाडतं. दोन्ही बाजूंना काळ्याची रेघ उरली की चौकटीला खोली येते.

बाजूच्या काचा सपाट आहेत, त्या मी किटमधल्या वापरतच नाही. ०.२ मिलिमीटरचं पारदर्शक शीट, प्रोजेक्टरसाठी मिळायचं तसलं, नमुन्याप्रमाणे कापून आतून बसवते. पुढची काच १९६५च्या मॉडेलपासून किंचित वाकलेली आहे, ती किटमधलीच ठेवावी लागते. तिच्या कडांना काळा रंग दिला की जाडी बरीचशी लपते. काच चिकटवायला सुपरग्लू वापरू नये. त्याची वाफ काचेवर धुकं धरते. वाळल्यावर पारदर्शक होणारा पाण्याचा डिंक पुरतो.

बाजारात पितळी पत्र्यावर ॲसिडने कोरलेले सुट्या भागांचे संच मिळतात. त्यांच्याबद्दल मन सावध ठेवावं असं मला वाटतं. वायपरची पट्टी, जाळ्या, कड्या यांना ते उत्तम. पण पितळाची पट्टी सपाट असते, आणि गाडीत अनेक गोष्टी गोल असतात. गोल दांडीच्या जागी चपटी पट्टी लावली की भाग पातळ होतो खरा, पण पातळ आणि चूक. संच विकत घेतलाय म्हणून त्यातलं सगळं लावलंच पाहिजे असं नाही.

इंजिनात मात्र मी हात सैल सोडते. मागचं झाकण उघडलं की पंख्याचं काळं कवच, त्यापुढे डायनामो, पट्टा, कार्ब्युरेटर आणि हवेचा फिल्टर एवढंच समोर येतं. ७७ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे, पत्र्याखाली झाकलेले. दिसतात त्या त्यांच्याकडे जाणाऱ्या वायरी. खऱ्या गाडीत प्लगची वायर सात मिलिमीटरची, म्हणजे इथे ०.३. जुन्या विजेच्या केबलमधली तांब्याची एक तार, काळा रंग दिलेली, चालते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत सुईइतक्या ड्रिलने पाच भोकं पाडायची, मधलं कॉइलसाठी, कडेची चार प्लगसाठी. ठिणगीचा क्रम १-४-३-२. त्या क्रमाने दोन वायरी उजवीकडे आणि दोन डावीकडे पंख्याच्या कवचाला वळसा घालून जातात. किती वायरी आहेत हे बघणारा मोजणार नाही, पण त्यांच्या लोंबण्यात वजन दिसलं पाहिजे. तार बोटांत आधी थोडी मळून घेतली तर ती रबरासारखी पडते. सरळ ताठ राहिली तर तांबंच दिसतं.

झाकण उघडतं-मिटतं ठेवायचं का, यावर मी एकदाच निर्णय घेतला आणि तो बदललेला नाही. चालत्या बिजागरीसाठी प्लॅस्टिक जाड लागतं आणि भोवतालची फट मोठी. बिजागरी न लावता झाकण सुटं ठेवायचं, आतून दोन मिलिमीटरचं एक चुंबक, समोर लोखंडी तुकडा. मिटलं की फट बाकीच्या फटींएवढी, आणि इंजिन दाखवायचं असेल तर झाकण उचलून बाजूला ठेवायचं.

शेवटी चाकं. टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते आणि रबर नको तितकं चमकतं. ४००च्या कोरड्या पेपरवर टायर फिरवला की दोन्ही जातं, आणि रस्त्याला लागणारा भाग वापरलेला दिसतो. मग गाडी काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवायची आणि प्रत्येक टायरखाली पातळ कागद सरकवून पाहायचा. चारही ठिकाणी कागद सारखा अडला पाहिजे. एखादं चाक कागद सोडत असेल तर त्या बाजूचा आस गरम पाण्यात मऊ करून जागेवर आणायचा. मागच्या चाकांचा कल वेगळा पाहावा लागतो. या बीटलला मागे डोलणारे अर्धआस आहेत, गिअरबॉक्सपाशी एकच सांधा, त्यामुळे गाडी वर उचलली की चाकं खालून आत ओढली जातात आणि वजन पडलं की सरळ होतात. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचा फोटो समोर धरून हा कोन लावला, तर मॉडेल पुढे कायम हवेत लटकल्यासारखं वाटतं. काकांची गाडी दोन चौक फिरून आल्यावर मी मागून बसून फोटो काढला होता, त्यात चाकांचा माथा बाहेरच्या बाजूला जेमतेम झुकलेला आहे. आसाला तेवढाच कल देते, डिंक लावते, आणि तो पक्का होईपर्यंत गाडी काचेवर दाबून धरते.